देवळालीचे कापरेकर मास्तर आणि त्यांची पंचवीस अंकी संख्या

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचण्यापूर्वी वहीचे एक कोरे पान उघडा आणि त्यावर एक संख्या लिहा. आरंभी १ लिहा, त्याच्यापुढे २१ शून्ये मांडा आणि शेवटी १०२ लिहा. तीन-तीन अंकांचे गट पाडले, तर ती संख्या अशी दिसेल :

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

ही पंचवीस अंकी संख्या झाली. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत गेले म्हणजे १ वर १७ शून्ये होतात. ही संख्या परार्धाच्याही कितीतरी पुढची आहे. बाजारात, बँकेत किंवा तलाठ्याच्या दप्तरात एवढी संख्या कोणाच्याही कामी येणार नाही. असे असूनही तिच्या अंगी एक असा गुण आहे, की तो तिच्यापेक्षा लहान असलेल्या एकाही संख्येत नाही. हा गुण ७ जून १९६१ रोजी नाशिकजवळील देवळालीच्या एका शाळामास्तरांना सापडला. त्यांच्यापाशी संगणक नव्हता, विद्यापीठातील प्राध्यापकाची खुर्चीही नव्हती. होती ती फक्त कागद-पेन्सिल आणि आकड्यांची विलक्षण ओढ. त्या मास्तरांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्या संख्येचा गुण काय, हे पुढे ओघाने येईलच. तत्पूर्वी या मास्तरांचा जीवनपट थोडक्यात पाहू.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. हे समुद्रकाठचे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. मुलगा अवघा आठ वर्षांचा असताना आईचे छत्र हरपले. पुढे वडिलांनीच त्याला वाढवले. वडील कारकून होते. घरची श्रीमंती अशी काही नव्हती. परंतु वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे बेरजा, वजाबाक्या, भागाकार हे सारे ओघानेच आले. ज्योतिष बाजूला राहिले, पण वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेल्या त्या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली, ती जन्मभर सुटली नाही.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. फर्ग्युसन म्हटले की गणिताच्या विद्यार्थ्याला रँग्लर परांजपे यांचे नाव आठवतेच. दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यातून निघालेले रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे याच कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र लेखनासाठी एक पारितोषिक दिले जात असे. १९२७ साली ते पारितोषिक तरुण कापरेकरांनी मिळवले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

येथवरची हकिगत वाचून कोणालाही वाटेल, की आता हा हुशार तरुण एम.ए. होणार, परदेशी जाणार, प्राध्यापक होणार. यापैकी काहीही घडले नाही. पदवीनंतरचे कोणतेही उच्च शिक्षण त्यांना मिळाले नाही. १९३० पासून त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी पत्करली आणि १९६२ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, ते मास्तरच राहिले. दिवसा शाळा, वर्ग, वह्यांचे गठ्ठे आणि उरलेल्या वेळात आकडे असा त्यांचा क्रम होता. गणितात रमून जाण्याच्या या वृत्तीमुळे लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले.

आता त्यांनी आकड्यांत काय शोधले, ते पाहू. त्यासाठी पाचवी-सहावीचे गणित पुरेसे आहे.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेमलो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली. त्या स्टेशनवर मास्तरांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांची कल्पना आली आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनचेच नाव देऊन टाकले. १९३८ साली या डेमलो संख्यांवर त्यांनी लेख प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वांत देखण्या संख्या अशा : ११ ला ११ ने गुणा, उत्तर १२१. १११ ला १११ ने गुणा, उत्तर १२३२१. असे करीत नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणले, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. अंक पायरीपायरीने वर चढतात आणि तसेच खाली उतरतात. गाडीची वाट पाहताना आपण पाटीवरचे नाव वाचतो. मास्तर त्या वेळात संख्या वाचत होते.

दुसरा शोध ‘कापरेकर संख्या’ या नावाने ओळखला जातो. ५५ चा वर्ग ३०२५. त्याचे दोन तुकडे करा, ३० आणि २५. बेरीज पुन्हा ५५. त्याचप्रमाणे ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. आणखी एक उदाहरण पाहा. २२२३ चा वर्ग ४९४१७२९. त्यातील ४९४ आणि १७२९ यांची बेरीज २२२३. यातील १७२९ ही संख्या श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली आहे, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद संख्या’ असे गोड नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. मास्तरांचे जन्मसाल घ्या, १९०५. अंकांची बेरीज १५. भागाकार बरोबर १२७. बाकी शून्य.

परंतु जगभर त्यांचे नाव झाले ते ६१७४ मुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच कृती करा. पुन्हा त्यांचेच जन्मसाल घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच कृती करून पाहा. ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४! येथे आल्यावर पुढे वाट नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करायचे, एवढेच पथ्य. मास्तरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुढे अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आज ६१७४ ला सर्वत्र ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आता वहीतील त्या पंचवीस अंकी संख्येकडे वळू. मास्तरांची कृती अशी होती : कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले, तर १ आणि ५ मिळून ६. १५ आणि ६ मिळून २१. म्हणजे १५ पासून २१ जन्माला आली. १५ हा २१ चा जनक झाला. आता प्रश्न असा, की प्रत्येक संख्येला जनक असतो काय? २० चा जनक शोधून पाहा. १४ पासून १९ येते, १५ पासून एकदम २१ येते. २० मध्येच राहून जाते. तिला जनक नाही. अशा संख्यांना मास्तरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. त्यांना देवळालीच्या नावानेही ओळखतात. गंमत अशी, की ज्या साली ते मास्तर झाले ते १९३० हे सालही स्वयंभू आहे. १९१० पासून १९२१ मिळते, १९१९ पासून १९३९ मिळते. १९३० कोणापासूनच मिळत नाही.

काही संख्यांना जनक नाही, तर काहींना एकाहून अधिक असतात. १०१ पाहा. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. दोन जनक असलेली ही सर्वांत लहान संख्या. रेल्वेच्या दोन वाटा येऊन मिळाव्यात तशी स्थिती असल्याने अशा संख्यांना जंक्शन संख्या म्हणतात. मग चार वाटा येऊन मिळतात असे सर्वांत पहिले जंक्शन कोठे आहे? मास्तरांनी शोधलेले उत्तर म्हणजेच आपल्या वहीतील ती पंचवीस अंकी संख्या. तिचे चार जनक असे :

पहिला : १ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० ०९१
दुसरा : १ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १००
तिसरा : ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९०२
चौथा : ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ८९३

पहिल्याच्या अंकांची बेरीज ११. शेवटच्या ९१ मध्ये ११ मिळवले की १०२. दुसऱ्याची बेरीज २. १०० चे १०२ झाले. तिसऱ्यात २१ नव्वे आहेत, त्यांची बेरीज १८९, पुढे ९, ० आणि २ मिळून ११, एकूण २००. ही संख्या १ वर २४ शून्ये या संख्येपेक्षा ९८ ने कमी आहे. २०० मिळवताच ९८ ची तूट भरून निघते आणि वर १०२ उरतात. चौथ्याची बेरीज २०९ आणि तूट १०७. शिल्लक पुन्हा १०२. चारही वाटा एकाच जागी येतात.

यात एक मर्म आहे, ते लक्षात घेण्यासारखे आहे. एकेक संख्या तपासत जाऊन येथवर पोहोचणे माणसाला शक्य नाही, आयुष्ये संपतील. मास्तरांनी विचार केला तो असा : नव्व्यांची लांब रांग असेल तेव्हा अंकांची बेरीज खूप मोठी असते आणि ती रांग ओलांडून १ वर शून्ये आली की बेरीज एकदम कोसळून १ वर येते. त्यामुळे रांगेच्या अलीकडून मारलेल्या लांब उड्या आणि पलीकडून टाकलेली आखूड पावले एकाच ठिकाणी येऊन पडू शकतात. मग नव्व्यांची रांग किती लांब हवी, एवढाच हिशेब उरतो. सैन्याने नव्हे, तर वाटाड्याच्या ज्ञानाने गड सर व्हावा, तसा हा प्रकार आहे.

आता या चरित्रातील दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कापरेकरांच्या हयातीत आपल्याकडील पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्या कामाला फारशी किंमत दिली नाही. हे सारे आकड्यांचे खेळ आहेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या म्हणण्यात अजिबात तथ्य नव्हते असे नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून ६१७४ ला हे स्थान आहे. मोजणी आठच्या किंवा बाराच्या पटीत केली, तर तिचे हे स्थान राहत नाही. निसर्गाचा एखादा खोल नियम त्यातून उलगडत नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

परंतु दहाच्या पटीतील ही मोजणीदेखील क्षुल्लक नाही. १ ते ९ आणि शून्य एवढ्या चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिण्याची युक्ती या भूमीतून जगाला मिळाली. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्यासह आकडेमोड करण्याचे नियम लिहून ठेवले. नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-ख्वारिझ्मी यांनी या हिंदी हिसाबावर ग्रंथ लिहिला. त्याची लॅटिन भाषांतरे झाली आणि हे अंक युरोपात पोहोचले. आज संगणकाच्या संदर्भात ‘अल्गोरिदम’ हा शब्द आपण ऐकतो, तो त्यांच्याच नावावरून आलेला आहे. इल्माने कोणाची जात, मुलूख किंवा मजहब विचारला नाही. ज्याने मेहनत केली त्याच्याकडे तो गेला. ज्या अंकांवर जगाचा सारा व्यवहार चालतो, त्यांच्या अंतरंगात काय दडले आहे हे पाहण्यात एका मास्तरांनी आयुष्य वेचले, तर त्यात वावगे काय?

उपेक्षेमुळे मास्तर थांबले नाहीत. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळाली नाही, तर त्यांनी पुस्तिका स्वतः छापून घेतल्या. स्वयंभू संख्यांवरील त्यांची इंग्रजी पुस्तिका १९६३ साली देवळालीतूनच अशा रीतीने निघाली. ती विकली जाऊन पैसा मिळेल अशी आशा त्यांनाही नसावी.

निवृत्तीनंतरचा काळ सुखाचा गेला असे म्हणता येत नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. पेन्शनवर भागेना, म्हणून उतारवयात त्यांनी गणित व शास्त्र या विषयांच्या शिकवण्या केल्या. दिवसभर मुलांना शिकवायचे आणि आपले संशोधन चालू ठेवायचे, हा जुना क्रम पुन्हा सुरू झाला. शेवटी मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांचा आणि त्यांच्या संख्यांचा परिचय करून दिला. तेव्हा जगाला देवळालीचा पत्ता लागला. मास्तर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले. आज देशोदेशीच्या शाळांतील मुले वर्गात ६१७४ चा खेळ करतात आणि ज्या प्रकारच्या आकडेमोडीला कोणी विचारत नव्हते, तिच्यावर गणितज्ञ अभ्यासलेख लिहितात.

पालक बंधू-भगिनींनो, हे चरित्र येथे सांगण्याचा हेतू आपल्या मुलांनी कापरेकरांसारखी ओढाताण सोसावी असा मुळीच नाही. मुलांना चांगली नोकरी लागावी, घर सावरावे, ही आपली इच्छा रास्तच आहे. परंतु आठवी-नववीत मूल गणितात अडले की आपण चटकन म्हणतो, आपल्या घरात कोणाला गणित आले, की याला येणार? आणि त्या एका वाक्यावर त्याची शाळा सुटते. कारकुनाच्या घरातील आईवेगळ्या मुलाला गणित आले. ते वंशाने आले नाही, तर वडिलांच्या शेजारी बसून आले. आपणास स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी संध्याकाळी अर्धा तास मुलाच्या वहीपाशी बसता येते. मूल वही पुढे करील, तेव्हा ती पाहणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक गोष्ट सांगतो. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या वाटेवर पासली हे डोंगरातले गाव आहे. पावसाळ्यात तिकडे धुक्यात समोरचे घर दिसत नाही. कॉलेज, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे सारे दूर पुण्याला. भौतिकशास्त्राचा प्रयोग तेथे कदाचित होणार नाही. पण १ वर २१ शून्ये आणि १०२ ही संख्या पासलीतील मुलाच्या वहीत जशी आहे, तशीच ती केंब्रिजमधील मुलाच्या वहीत असते. एका अंकाचाही फरक नसतो. मास्तरांनी तिचे चार जनक सांगितले, ते खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी कोणाच्या पदवीवर विश्वास ठेवावा लागत नाही. बेरीज करावी लागते.

म्हणून शेवटी एक उदाहरण तुमच्यावर सोपवतो. १ वर १२ शून्ये आणि शेवटी पुन्हा १, म्हणजे १० ००० ००० ००० ००१, ही तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या आहे. पहिला जनक १० ००० ००० ००० ०००. दुसरा ९ ९९९ ९९९ ९९९ ९०१. तिसरा मी सांगत नाही. तो दुसऱ्यापासून फार दूर नाही, दहा पावलांच्या आतच आहे. तो सापडला की गुरुजींना विचारायला जाऊ नका. अंकांची बेरीज करून त्यात मिळवा. १० ००० ००० ००० ००१ आले, म्हणजे तुमचे उत्तर बरोबर आहे.